दोन काठ्यांचा विस्तव

पूर्वी हंसवती नगरात सत्यसेन राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व वेशीबाहेरच्या चांडाळवस्तीत जन्माला आला होता. हो, चांडाळवस्तीत. राजवाड्यातच जन्म घ्यायचा असा त्याचा काही नेम नव्हता. त्याचे नाव तिंदुक.

वस्तीतली माणसे नगरातली मेलेली ढोरे ओढत, रस्ते झाडत. पण वेशीतून आत शिरताना प्रत्येकाला दोन काठ्या एकमेकींवर वाजवत चालावे लागे, म्हणजे मोठ्या घरची माणसे आधीच बाजूला होत. घाण त्यांनी करायची आणि उचलणाऱ्याने वाजवत यायचे, असा तिथला न्याय. चुलीसाठी विस्तवही वेशीवरच्या आगटीतून मागून आणायचा. लाकडातला अग्नी मंत्राने उठतो, तुमच्या हाताने नाही, असे वस्तीच्या मनावर पिढ्यान्‌पिढ्या ठसवलेले.

एका हिवाळ्यात गारांचा पाऊस झाला आणि वस्तीतल्या सगळ्या चुली विझल्या. तिंदुकाचा म्हातारा बाप खापर घेऊन विस्तवाला गेला. बोटे गारठलेली. वेशीत एक काठी हातातून निसटली आणि आवाज बंद पडला. तेवढ्यावरून नगरपाल सुदंताने म्हाताऱ्याला गुरासारखे बडवले. वर हुकूम सोडला, "सगळ्या वस्तीने येऊन या उंबऱ्यावर नाक घासायचं. तोवर विस्तव नाही."

तिंदुकाची बायको सुमनी नुकतीच बाळंत झाली होती. बाळाची पावले निळी पडत चालली होती. शेक मिळाला नाही तर पोर हातचे जाणार, हे तिला कुणी सांगायला नको होते.

वस्तीचा मुखिया भद्दक म्हणाला, "तिंदुका, घासू चल नाक. नाकाला काय होतंय?"

"नाकाला काही होत नाही, बाबा. पण उद्या ह्या पोराच्या हातातही काठ्याच येतील."

सुमनी आतून म्हणाली, "मामंजींना जिथं मारलं तिथं कुणी वाकायचं नाही. पण अहो, पोर गार पडतंय. काय करायचं ते आत्ता करा."

तिंदुकाने छपरात खोचलेल्या आपल्या दोन काठ्या काढल्या. वाळून खडखडीत झालेल्या. एकीला खाच पाडून ती आडवी ठेवली, दुसरी खाचेत उभी धरली, तिला दोरी गुंडाळली. ताक घुसळताना रवी फिरते तशी ती काठी फिरू लागली. दोरीला दोन्हीकडून गडी लागले.

बऱ्याच वेळाने धुराची रेघ उठली. लगेच सगळ्यांनी दोरी सोडून हात जोडले. धूर गेला.

पुन्हा ओढली, पुन्हा धूर आला, पुन्हा हात जुळले, पुन्हा गेला.

"देव कोपला," भद्दक म्हणाला. "आपल्या हाताला यश नाही." गडी खाली बसले.

तिंदुक शांतपणे म्हणाला, "कुणी कोपलं नाही. आपण हात जोडतो तेव्हा दोरी सुटते आणि लाकूड गार होतं. विस्तव पडेपर्यंत कुणी हात जोडायचे नाहीत."

देवाला हात जोडायचे नाहीत? कुणी पुढे येईना.

सुमनीच्या डोक्यात तिडीक गेली. मार खाऊन हात जोडायचे, उपाशी राहून हात जोडायचे, आणि आता पोर मरतेय तरी धुराला हात जोडायचे. तिने बाळ सासऱ्याच्या कुशीत दिले आणि कण्हत येऊन दोरीची दोन्ही टोके धरली. तिंदुकाने वरून काठी दाबली. दोरी तिच्या तळव्यात रुतली, रक्ताने ओली झाली. धूर आला. सवयीने भद्दकाचे हात वर गेले.

"ते हात खाली घ्या, भद्दकबाबा," सुमनी म्हणाली. "फारच मोकळे असतील तर दोरी धरा."

भद्दक ओशाळला. पण आला, एक टोक त्याने घेतले. धूर दाटला तरी कुणी थांबले नाही. खाचेतून काळा भुगा गळला आणि त्यात एक लाल कण दिसला. सुमनीने बाळाची उशी फाडली, सावरीचा कापूस त्यावर धरून फुंकर घातली.

भडका उठला. शेक लागताच बाळाने असे भोकाड पसरले की म्हातारा सासरा मार विसरून हसला.

त्या विस्तवावर घरोघरची चूल पेटली. ओल्या दिवसांत सरपण कुठले? वस्तीने आपापल्या काठ्याच चुलीत घातल्या.

इकडे गारांनी मेलेली ढोरे नगरात कुजू लागली. लोक सुदंतालाच शिव्या घालू लागले. शेवटी तो नाकाला उपरणे लावून वस्तीत आला.

दारात सुमनी उभी होती. "येताना काही वाजवलं नाहीत ते? आम्ही बाजूला झालो असतो."

सुदंत गुरकावला, "ढोरं ओढायला चला. काठ्या घ्या."

"काठ्या चुलीत गेल्या," तिंदुक म्हणाला. "माणसं तेवढी उरलीत. तशीच येतील. मुक्या जिवांना सडत ठेवणार नाही."

सुदंताने एकदा चुलींकडे पाहिले, एकदा नगराकडे. मग वाट सोडून बाजूला झाला. वस्ती आवाज न करता वेशीतून आत गेली, रस्त्याच्या मधोमध. त्यानंतर त्या वेशीत काठी वाजली नाही.

ही कथा सांगून शास्ते, भिक्खूंचे गुरू, म्हणाले, "भिक्खूंनो, तो नगरपाल आजचा देवदत्त. सुमनी ती राहुलमाता, कुशीतले बाळ राहुल, आणि तिंदुक मीच होतो."

धूर दिसला म्हणून दोरी सोडायची नाही, विस्तव पडेपर्यंत ओढायची. ह्यालाच वीर्यपारमिता, म्हणजे न थकता केलेल्या प्रयत्नाची परिपूर्णता, म्हणतात.