नाव घेऊन केलेला वार

"पोर गुणाची आहे हो, पण पडली हरणाऱ्यांच्या घरात."

हे वाक्य तगरने ऐकलं त्याआधी पाहिलं. त्या मुलुखात बोललेला प्रत्येक शब्द पांढऱ्या फुग्यात बसून बोलणाऱ्याच्या डोक्यावर तरंगत राही. कुंपणापलीकडच्या आत्याबाई कुजबुजल्या खऱ्या, पण त्यांचा फुगा कुंपणाहून हातभर वर गेला. कुंपणाच्या अलीकडे तगर नवऱ्याचा फाटका झगा टाचत बसली होती. मागोमाग शेजारणीचा लहानसा फुगा आला, "हळू. तिथेच आहे ती." त्यावर पुन्हा आत्याबाईंचा, "असू दे. बोलते कुठे ती?"

तो मुलूख काळ्या शाईचा आणि पांढऱ्या कागदाचा होता. रंग तिथे कोणी पाहिला नव्हता. जमीन चौकटींमध्ये वाटलेली होती, आणि दोन चौकटींच्या मध्ये कोरी फट असे. फटीत पडलेला कोणी परत आल्याचं कुणाला आठवत नव्हतं. सूर्य उजवीकडे उगवून डावीकडे मावळे आणि जे काही घडे तेही त्याच दिशेने घडे. नियम एकच होता. खलाने हल्ला करावा, वीराने तो परतवावा, म्हणजे पान उलटे. पान उलटलं नाही तर पेरलेलं उगवत नसे आणि अंड्यातलं पिल्लू अंड्यातच राही. म्हणून वीराइतकीच खलाचीही गरज होती, आणि हल्ल्याचा मान खवले मांजरांच्या एका घराण्याकडे पिढीजात चालत आला होता.

"या घरातलं आजवर कोणी जिंकलेलं नाही," असं सासूबाईंनी तगरला माप ओलांडल्याबरोबर सांगितलं होतं. दुसऱ्या घरात सनदा दाखवतात त्या थाटात. "तुझे सासरे तर गेले तेही पाय घसरून."

तगरच्या नवऱ्याचं रणातलं नाव महाकराळ विध्वंसनाथ. घरात विधू. खांद्यापासून शेपटीपर्यंत खवले, डोक्यावर दोन शिंगांचा टोप. टोपामुळे त्याला कुठल्याही दारातून आडवं व्हावं लागे, आणि तो ते विसरे. वीर होता धवल नावाचा ससा. तो शूर होता, देखणा होता, आणि हे दोन्ही त्याला ठाऊक होतं.

त्या मुलुखाची रीत अशी की शस्त्र चालवण्याआधी त्याचं नाव मोठ्याने घ्यायचं. धवलच्या तलवारीचं नाव होतं 'वीज'. विधूच्या शस्त्रांची नावं मात्र लांबलचक असत. "दशदिशाविदारक प्रलयघंटानाद महाचक्र" असं काहीतरी सुरू झालं की फुग्यांनी अर्धी चौकट भरून जाई, मागचा सूर्य झाकला जाई, आणि तोवर धवल मिशा साफ करून घेई. मग विधू दोरी ओढी आणि स्वतःच्याच खड्ड्यात पडे. गोल होऊन गडगडत गेला की लोक हसत, पान उलटे आणि आपापल्या शेतांकडे सगळे निघून जात.

तगरने पहिला हल्ला पाहिला तेव्हा तिची मान खाली गेली होती. दुसऱ्यालाही गेली.

तिसऱ्याच्या आदल्या दिवशी तो भाकरी घरीच विसरला, म्हणून ती फडकं घेऊन मागोमाग रणात गेली. विधू खड्डा खणत होता. खणून झाल्यावर त्याने तळाशी पेंढा पसरला आणि वरून एकदा उडी मारून पाहिली. मग मनाला पटलं नाही म्हणून आणखी पेंढा आणला. खड्ड्याच्या कडेला मुंग्यांची रांग होती, तिच्यासाठी त्याने बाजूने काडीचा पूल केला. वरच्या फळीची दोरी त्याने नीट तपासून बांधली, आणि तीही जिच्यावर तो स्वतः उभा राहणार होता त्याच फळीला. लोक म्हणत, या येड्याला गाठसुद्धा बरोबर जागी मारता येत नाही.

तगरने भाकरी झुडपाशी ठेवली आणि आली तशी परत गेली.

दुसऱ्या दिवशी ती नवऱ्याकडे पाहत नव्हती, रणातून जाणाऱ्या रस्त्याकडे पाहत होती. विधूने नाव घ्यायला सुरुवात केली तेव्हा एक म्हातारं कासव रणाच्या मधोमध होतं. नाव संपत आलं तेव्हा ते अजून पाऊण वाटेवरच होतं. विधूने श्वास घेतला आणि नावाला 'सप्तपाताळकंपन' जोडलं. मग 'अतिघोर'. मग जरा अडखळून 'पुनःपुन्हा'. कासवाची शेपटी पलीकडे गेली आणि नाव संपलं.

लोक खो खो हसले. तगरची मान त्या दिवशी खाली गेली नाही.

"आज नाव लांबलं," जेवताना ती म्हणाली.

"सुचत गेलं," विधू ताटाकडे बघत म्हणाला.

"शोभलं हो."

त्यानंतर ती त्याचा झगा रणात पाहणाऱ्यांनाही दिसतील अशा मोठ्या टाक्यांनी टाचू लागली. सासूबाईंनी एकदा त्या टाक्यांकडे पाहिलं आणि आपल्या डब्यातला जाड दोरा तिला काढून दिला.

पण मुलूख कंटाळला होता. करकोच्यांची पंचायत बसली. पंचांचे मुखिया आप्पा करकोचा एका पायावर उभे राहून म्हणाले, "विध्वंसनाथ, लोक जांभया देतात. धाक म्हणून काही उरला नाही. पुढच्या हल्ल्याला एका शब्दाचं नाव घे आणि एकदा तरी जिंकून दाखव, पान एक वेळ उशिरा उलटलं तरी चालेल. नाहीतर टोप उतरवून ठेव. दुसरा आलाय."

दुसरा म्हणजे मण्यार. तो कोपऱ्यात वेटोळं घालून होता, आणि पंचांना तो कधी आत आला हे कळलं नव्हतं. त्यावरच ते भाळले होते.

"आपल्या शस्त्राचं नाव काय?" आप्पांनी अदबीने विचारलं.

"मी नाव घेत नाही," मण्यार म्हणाला. त्याच्या डोक्यावर फुगा उमटला नाही. शब्द थेट ज्याच्या त्याच्या कानाशी आले. पंचांनी एकमेकांकडे कौतुकाने पाहिलं.

घरी विधूने एका शब्दाची तालीम सुरू केली. भिंतीसमोर उभा राहून तो ओरडला, "घात!"

"कसं वाटतं?" त्याने विचारलं.

"एकदम अंगावर आल्यासारखं," तगर म्हणाली.

"हो ना," तो खिन्नपणे म्हणाला. "मलाही तसंच वाटलं."

"टोप गेला तर तुझ्या वडिलांच्या फोटोला मी काय तोंड दाखवू रे," सासूबाई पदर सावरत म्हणाल्या. "एक शब्द बोल बाबा. जीभ आवर."

हल्ला पुलावर ठरला. सगळ्यात रुंद फटीवरचा तो लाकडी पूल, खाली नुसतं कोरं. रीतीप्रमाणे पंच पुलाच्या मधोमध चटया टाकून बसले, कारण तिथून सगळं चांगलं दिसे. बायका मुलांना मांडीवर घेऊन कठड्याला टेकल्या. कुणीतरी शेंगा सोलत होतं. विधू आपल्या फळीवर दोरी धरून उभा राहिला. समोर धवल, झगा वाऱ्यावर.

"घा..." विधू म्हणाला, आणि थांबला.

धवलच्या मागे पुलावरून एक गोगलगाय चालली होती, पाठीवर घर आणि घरावर तिची पोरं. फळी सुटली की सगळा पूल हिंदकळणार होता. ती कठड्याबाहेर, अगदी फटीच्या कडेला होती.

विधूने आईकडे पाहिलं. मग त्याने छाती भरून घेतली. "घातघनघोर," तो म्हणाला, "गगनगर्भगर्जित, अष्टकुलाचलउन्मूलक..." पंचांनी डोळे मिटले. आत्याबाईंनी कपाळावर हात मारला. फुगे वर वर चढत गेले, सूर्य झाकला, चौकटीची कड झाकली. त्याचा आवाज बसला, तरी तो नाव घेत राहिला. शब्द संपले तेव्हा त्याने शस्त्राच्या नावात अळूपासून वांग्यापर्यंतच्या सगळ्या भाज्या जोडल्या. लोक पोट धरून हसले. गोगलगायीच्या घराचं शेवटचं वळण पलीकडच्या मातीवर टेकलं आणि विधूने दोरी ओढली. त्याचीच फळी गेली. झगा एका खिळ्यात अडकला आणि महाकराळ विध्वंसनाथ कोऱ्या फटीवर लोंबकळू लागला.

"झालं," आप्पा करकोचा म्हणाले. "टोप काढा त्याचा. मण्यारराव, या."

मण्यार पुलाच्या तोंडाशी आला. त्याने दोरी सोडली आणि दुसरीकडे कुठेतरी बांधली. कुठे, ते कुणालाच दिसलं नाही. दोरीचं टोक तोंडात धरून तो शांत पडला. नाव घेतलं नाही, त्यामुळे सुरुवात झाली की नाही हेही कळेना.

शेंगा सोलणारा उठला. "पाय मोकळे करून येतो," तो म्हणाला. एका बाईने मूल कडेवर घेतलं, मग दुसरीने घेतलं. चटया कोणी गुंडाळल्या नाहीत. धवल म्हणाला, "आज वाराच नाही," आणि डाव्या बाजूने उतरून गेला. पंचांनी उठून दुसरा पायही खाली ठेवला आणि दोन्ही पायांनी, त्यांच्या इभ्रतीला शोभेल त्याहून भरभर, कडेची माती गाठली. आप्पा सगळ्यात पुढे होते.

पुलावर रिकाम्या चटया राहिल्या, आणि पुलाखाली विधू.

"अहो, माझ्या पोराला वर तरी घ्या आधी," सासूबाई म्हणाल्या. कडेला उभं असलेलं कोणीच हललं नाही. दोरीचं टोक जरासं ताणलं गेलं, किंवा तसं वाटलं.

तगर पुलावर चढली. तिच्या पावलांनी फळ्या करकरल्या. मधोमध आल्यावर ती ओणवी झाली, नवऱ्याच्या झग्यातल्या जाड टाक्यांना तिने दोन्ही मुठींनी धरलं आणि ओढत राहिली. आधी शिंगं वर आली, मग टोप, मग तो. "अगं, तू कशाला," असं काहीतरी तो धापा टाकत म्हणाला. तिने त्याचा टोप सरळ केला. मग पंचांच्या चटईवर त्याला बसवलं आणि शेजारी स्वतः बसली, मांडी घालून, पदर नीट घेऊन.

कडेला सगळा मुलूख दाटीने उभा होता. तगरच्या डोक्यावर एक फुगा उमटला, आणि तो एवढा मोठा होता की मागच्या रांगेतल्यांनाही वाचता आला.

"आप्पा, उठलात का? या ना, बसा. जागा चांगली आहे, इतकी वर्षं इथूनच तर बघत होतात."