फुर्रची वाट कुणी अडवली?

एक होता श्वास.
इवलुसा. हलका हलका.
नाव त्याचं फुर्र.

फुर्र राहायचा रेणूच्या नाकात.
रेणू चार वर्षांची. गालाला खळी, केसांना लाल रिबीन.

रोज सकाळी फुर्र निघायचा.
सुर्र सुर्र, नाकातून घशात.
सुर्र सुर्र, घशातून छातीत.
छातीत होती एक लांब गल्ली.
गल्लीच्या टोकाला राहायची फुगुली. एवढासा फुगा, फुर्रची मैत्रीण.
फुर्र आत शिरला, की फुगुली फुगायची. टम्म!

एकदा काय झालं?
फुर्र निघाला. सुर्र सुर्र. आणि थांबला.
गल्लीत वाटच नाही!
मधोमध बसला होता कफ. जाडा जाडा. चिकट चिकट.
पलीकडून फुगुलीची हाक आली, अगदी बारीक.
"फुर्र, ये ना रे! मी चपटी झाले."

फुर्र म्हणाला,
"कफदादा, कफदादा, बाजूला सर ना!
मी जाऊ कसा? फुगुलीला फुगवू कसा?"

कफ म्हणाला,
"अंहं! मी नाही सरणार. झाडू ढकलेल, तर मी सरेन."

सुर्र सुर्र, फुर्र गेला झाडूकडे.
गल्लीच्या भिंतीवर होता झाडू. बारीक बारीक केसांचा.
पण झाडू पडला होता आडवा. कफाखाली दबलेला.

"झाडूभाऊ, झाडूभाऊ, हल ना!
कफ सरेना.
मी जाऊ कसा? फुगुलीला फुगवू कसा?"

झाडू म्हणाला,
"अंहं! मी नाही हलणार. कोरडा ठाक झालोय. पाणी येईल, तर मी हलेन."

सुर्र सुर्र, फुर्र गेला भिंतीपाशी.
भिंतीत होती इवली इवली घरं. एका घरात होतं पाणी.
फुर्रने भिंतीला तोंड लावलं.

"पाणीताई, पाणीताई, बाहेर ये ना!
झाडू हलेना,
कफ सरेना.
मी जाऊ कसा? फुगुलीला फुगवू कसा?"

आतून आवाज आला, डुबुक!
"अंहं! मी नाही येणार. मी एकटी कुठे जात नाही. मीठ जाईल पुढे, तर मी येईन मागे."

त्याच घरात होतं मीठ. दाराशी उभं. चप्पल घालून तयार!

"मीठराव, मीठराव, बाहेर जा ना!
पाणी येईना,
झाडू हलेना,
कफ सरेना.
मी जाऊ कसा? फुगुलीला फुगवू कसा?"

मीठ म्हणालं,
"मला काय हौस आहे इथे उभं राहायची? पण दार बंद आहे. दार उघडेल, तर मी जाईन."

फुर्र गेला दाराकडे. अगदी जवळच होतं. एवढंसं दार. थोडं वाकडं.

"दारोबा, दारोबा, उघड ना!
मीठ जाईना,
पाणी येईना,
झाडू हलेना,
कफ सरेना.
मी जाऊ कसा? फुगुलीला फुगवू कसा?"

दार कुरकुरलं. कुर्र... कुर्र...
"अंहं! मी नाही उघडणार. मी जन्मापासून वाकडं. माझं मला उघडताच येत नाही. गोळी येऊन हात लावेल, तर मी उघडेन."

गोळी? गोळी कुठे असेल?
फुर्र मागे फिरला.
सुर्र सुर्र, छातीतून घशात. सुर्र सुर्र, घशातून नाकात.
आणि रेणूला आली शिंक.
आक् छी!
फुर्र बाहेर! गरगर गरगर फिरला, आणि आला स्वयंपाकघरात.
फळीवर होती डबी. डबीत होती गोळी.

"गोळीबाई, गोळीबाई, चल ना!
दार उघडेना,
मीठ जाईना,
पाणी येईना,
झाडू हलेना,
कफ सरेना.
मी जाऊ कसा? फुगुलीला फुगवू कसा?"

गोळी म्हणाली,
"अंहं! मी नाही निघणार. मला पाय आहेत का? रेणू गिळेल, तर मी निघेन."

सुर्र सुर्र, फुर्र गेला रेणूकडे.
रेणू बसली होती उंबऱ्यावर. खो खो खोकत होती. तोंड घट्ट मिटत होती.

"रेणू, रेणू, गोळी गिळ ना!
गोळी निघेना,
दार उघडेना,
मीठ जाईना,
पाणी येईना,
झाडू हलेना,
कफ सरेना.
मी जाऊ कसा? फुगुलीला फुगवू कसा?"

रेणूने मान हलवली. जोरात!
"अंहं! मी नाही गिळणार. गोळी कडू, कडू, कडू! आत्या लोणी देईल, तर मी गिळेन."

सुर्र सुर्र, फुर्र गेला मागच्या अंगणात.
तिथे बसली होती मालूआत्या. ताक घुसळत होती.
घुर्र घुसळ! घुर्र घुसळ!
फुर्र शिरला तिच्या कानात.
"अगंबाई!" आत्या म्हणाली. "कोण रे गुदगुल्या करतंय?"

"मी फुर्र! आत्या, आत्या, लोणी दे ना!
रेणू गिळेना,
गोळी निघेना,
दार उघडेना,
मीठ जाईना,
पाणी येईना,
झाडू हलेना,
कफ सरेना.
मी जाऊ कसा? फुगुलीला फुगवू कसा?"

फुर्र दमला होता. त्याने हळूच विचारलं,
"आणि आत्या, तुला कोण यायला हवंय?"

आत्या म्हणाली,
"मला? मला कोणी नको यायला. मी आत्या आहे!"

आणि ती लागलीच कामाला.

घुर्र घुसळ, घुर्र घुसळ! शेवटचं एकदा.
वर आला लोण्याचा गोळा. पांढरा. मऊ मऊ.
लोणी आणि डबीतली गोळी घेऊन आत्या आली उंबऱ्यावर, रेणूजवळ.
"डॉक्टरकाकूंनी सांगितलंच आहे," आत्या म्हणाली. "ही गोळी कोरडी द्यायची नाही. लोण्यातुपाबरोबरच द्यायची."
"बघ! मी तेच म्हणत होते!" रेणू म्हणाली.
आत्याने तिच्या गालाचा पापा घेतला.
"शी! किती खारट गं तू!"
रेणू खुदकन हसली. हसताना तोंड उघडलं. मग काय!

आत्याने लोणी दिलं.
रेणूने गोळी गिळली. गटक!
गोळी निघाली लोण्यावर बसून. सुळ्ळकन!

लगेच झालं का काही? नाही झालं.
रेणूचा भात झाला. रेणूची झोप झाली. आत्याचा चहा झाला.
गोळी पोहोचली हळूहळू. दाराला म्हणाली, "धर माझा हात."

कुर्र... कुर्र... कुर्र...
दार उघडलं!
मीठ गेलं. तुरुतुरु, तुरुतुरु.
पाणी आलं मिठामागे. झुळझुळ, झुळझुळ.
"थांब, थांब, मीठराव! मी पण, मी पण!"
झाडू भिजला. उठून उभा राहिला. झप झप हलला.
कफ म्हणाला, "अरेच्चा! मी पातळ झालो! ए, मला ढकलतंय कोण?"
झप झप झप! कफ सरला. वर, वर, आणखी वर.
खो! खो! थू!
"शाब्बास माझी रेणू!" आत्या म्हणाली.

गल्ली मोकळी!

फुर्र धावला. नाकातून घशात, घशातून छातीत.
सुर्र सुर्र सुर्र सुर्र! वाटेत कुणी नाही.
टोकाला होती फुगुली. अगदी चपटी. कोपऱ्यात बसलेली.
"आलास?" ती म्हणाली.
"आलो!"
फुर्र आत शिरला.
फुगुली फुगली. टम्म!

बाहेर रेणू ताठ बसली. तिने घेतला श्वास. मोठ्ठा, खोल, पोटापर्यंत.
आणि ओरडली,
"आत्या! मला अंगणात पळायचंय!"
"पळ की गं!" आत्या म्हणाली. "उद्या पुन्हा गोळी आहे हं. दार रोज उघडावं लागतं."
पण रेणू ऐकतेय कुठे? ती गेलीसुद्धा!

श्वास गेला आत, गोष्ट आली बाहेर.