उंबरावरच्या शिंपिणी

फार जुनी गोष्ट. एका उंबरावर साठ शिंपी पक्षिणी काळतोंड्या वानरासाठी पानांचे अंगरखे शिवत. उजाडल्यापासून अंधारेपर्यंत चोच थांबवायची सोय नव्हती.

एके दिवशी म्हाताऱ्या सावळाक्काची चोच शिवता शिवता तुटली.

"तुझं काम संपलं. फांदी मोकळी कर," वानर म्हणाला.

शेजारी टिवली शिवत होती. तिला पहिला टाका आक्कानेच शिकवला होता. तिने चोचीतला धागा सोडून दिला. "आक्का जाणार असेल, तर मीही शिवणार नाही."

"जा की! बाकीच्या आहेत," वानर हसला.

तेवढ्यात वरून एक धागा तरंगत खाली आला. मग दुसरा, मग कितीतरी. टिवलीने मान वर केली. साठही चोची थांबल्या होत्या. झाडाची सळसळ तिला जन्मात पहिल्यांदा ऐकू आली. आपण एवढ्याजणी आहोत, हे तिला ठाऊकच नव्हतं.

वानराने फांद्या गदागदा हलवल्या. तीन दिवस एक टाका पडला नाही. चौथ्या दिवशी तो नरमला.

"आक्का, या, बसा."

"बसते. पण रोज किती वेळ शिवायचं, ते आधी या सगळ्यांना विचार."

आणि वानराने विचारलं.