पऱ्हाटीची वीज

वणीकडच्या एका गावात कुमुद मेश्राम प्लाझ्माची भट्टी चालवायची. विजेच्या प्रखर झोताने कापसाच्या पऱ्हाटीचा वायू व्हायचा आणि त्यावर जनित्र चालायचं. येणाऱ्या प्रत्येक साहेबाला हे समजावून ती पार थकली होती.

एके दुपारी वीज खात्याचे पारखीसाहेब भट्टी बंद करण्याचा हुकूमच घेऊन आले. पंख्याखाली ऐसपैस बसत म्हणाले, "बाई, तुमची भट्टी देते कमी, खाते जास्त. सगळी सरकारी वीज गिळतेय!"

कुमुद शांतपणे म्हणाली, "साहेब, सरकारी लाईन सकाळपासून गेलीय. मग भट्टी कुणाची वीज खातेय? अन् उरलेल्या विजेवर हा पंखा कुणाला वारा घालतोय?"

साहेबांनी वर पाहिलं आणि हुकमाचा कागद खिशात घातला. त्यांना निरोप द्यायला उठण्याइतकं त्राण कुमुदमध्ये उरलं नव्हतं. ती खुर्चीतच डोळे मिटून हसली.