हिराईचा सातघाट
एका राज्यात सात नद्या होत्या, सत्तर देवळं होती, पण चाळीस वर्षांत नवा खेळ एकही जन्मला नव्हता. कारण उत्तरेच्या डोंगरात कपालकेतू नावाचा जादूगार राहत असे आणि त्याने राज्यावर शाप घातला होता. ज्याने आपली नवी कल्पना तोंडाने सांगितली, त्याच्या डोक्यातून ती उडून जाई आणि कपालकेतूच्या काळ्या रांजणात पडे. सांगणाऱ्याला मग काही आठवत नसे.

राजधानीत हिराई नावाची कातारीण होती. लाकडी सोंगट्या कातून पोट भरी. तिची धाकटी बहीण शेवंता विणकाम करी. शेवंतेला एकदा लुगड्याच्या काठाची नवी नक्षी सुचली. आनंदाच्या भरात ती शेजारणीला सांगून बसली आणि नक्षी डोक्यातून उडून गेली. रोज मागासमोर बसे, धोटा हातात घेई आणि काय विणायचं होतं ते शोधत राही.

अशात हिराईला खेळ सुचला. सात घाटांचा पट, दोघांच्या नऊ-नऊ होड्या. दुसऱ्याची होडी मारायची नाही. तिला वाट देऊनच आपली पुढे न्यायची. नाव ठेवलं सातघाट.

राजमुद्रेवाचून खेळाच्या प्रती काढायच्या नाहीत, असा राज्याचा नियम. म्हणून ती मुद्रापती शंखपालाकडे गेली.

"खेळ कसा खेळतात?" शंखपालाने विचारलं.

"सांगितला तर माझ्यापाशी उरायचा नाही, सरकार."

"आणि न सांगितला तर मुद्रा कशावर उठवू?"

हिराईला त्याचंही पटलं, आपलंही पटलं. ती प्रती काढणाऱ्या नकलनविसाकडे गेली. तो म्हणाला, "आधी मुद्रा आणा." वृद्ध प्रधानाकडे गेली. तो म्हणाला, "विसरून जा बाई, सुखी व्हाल." परतताना ती आपल्याच गल्लीसमोरून दोनदा पुढे निघून गेली.

नदीकाठच्या उंबरावर एक भारद्वाज बसला होता. तो म्हणाला, "हिराई, कपालकेतू बोललेलं नेतो. घडवलेलं त्याला नेता येत नाही. तीन कामं कर. पट घडव. नियम असे लिही की तुझ्या तोंडून शब्दही न निघता अनोळखी माणसं खेळतील. मग पट घेऊन त्याच्या गुहेत जा."

"गुहेत? कशाला?"

"खेळायला," पक्षी म्हणाला आणि उडून गेला.

हिराईला अर्धंच कळलं. जेवढं कळलं तेवढं तिने केलं. शिसवीचा पट घडवला, त्यावर सात घाट कोरले. भूर्जपत्रावर नियम लिहिले. नदीच्या उतारावरच्या दोन नावाड्यांपुढे पट ठेवला आणि ओठ मिटून बाजूला बसली.

नावाड्यांनी मनाशीच वाचलं, 'होडी डावीकडे न्यावी.' दोघं समोरासमोर बसलेले. एकाची डावी ती दुसऱ्याची उजवी. भांडण जुंपलं. हिराईच्या जिभेवर उत्तर आलं होतं. ते तिने गिळलं. घरी येऊन पटाच्या एका कडेला डोंगर कोरला आणि 'डोंगराच्या बाजूला' असं लिहिलं. दुसऱ्या दिवशी नावाडी वाट देण्यापाशी अडले. पुन्हा लिहिलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी डाव पुरा केला आणि न विचारता दुसरा मांडला. तेव्हा हिराईने सगळ्यात वर एक ओळ घातली: 'हा खेळ हिराई कातारणीने रचला.'

मग ती उत्तरेच्या डोंगरात गेली. कपालकेतू रांजणाला टेकून बसला होता. पट पाहून त्याचे डोळे लकाकले.

"याचं मर्म सांग."

हिराईने भूर्जपत्र पुढे केलं.

"तोंडाने सांग!"

तिने नकारार्थी मान हलवली. कपालकेतूला ऐकल्याखेरीज काही घेता येत नसे. तेव्हा त्याने पत्र उचललं आणि आपल्याच कानांना ऐकू जाईल असं मोठ्याने वाचू लागला: "हा खेळ हिराई कातारणीने रचला..."

बोलणारा कोण, हे शापाने आजवर कधी पाहिलं नव्हतं. जो बोलेल त्याचं जायचं, एवढंच त्याला ठाऊक. आज जादूगार स्वतः बोलला. शाप त्याच्यावरच उलटला आणि रांजणाला तडा गेला. चाळीस वर्षांच्या कल्पना पाकोळ्यांसारख्या भरारल्या आणि आपापल्या घरी निघाल्या. कपालकेतू पत्र हातात धरून विचारत राहिला, "मी काय वाचत होतो?" हिराईने पत्र अलगद काढून घेतलं. तिलाही काय झालं ते नीटसं कळलं नव्हतं.

ती घरी पोचली तेव्हा माग खडखडत होता.

"अक्का," शेवंता म्हणाली, "काठात मासे होते. मासे!"

हिराईने तिला पोटाशी धरलं.

राजा धवलसेनाने सातघाट स्वतः खेळून पाहिला आणि पटावर व पत्रावर राजमुद्रा उठवली. हिराईने विचारलं, "महाराज, उद्या कोणी होड्यांचाच दुसरा खेळ रचला तर?"

"तो त्याचा. हा पट आणि हे शब्द तुझे."

"म्हणजे होड्या सगळ्यांच्या?"

"होड्या सगळ्यांच्या."

हिराईने यावर पुष्कळ विचार केला. कधी पटे, कधी पटत नसे. नकलनविसाने प्रती काढल्या. त्या घोड्यांवरून, नावांवरून सातही नद्यांच्या पार गेल्या.

वर्षाने ती एका दूरच्या बाजारात लाकूड घ्यायला गेली. चिंचेखाली दोन म्हाताऱ्या सातघाट खेळत होत्या. हिराई थबकून बघत राहिली.

"नवख्या दिसता," त्यातली एक म्हणाली. "शिकवू का?"

हिराई गोंधळली. हो म्हणावं की नाही, ते तिला उमगेना. मग ती मांडी घालून बसली.

"शिकवा," म्हणाली.

आणि त्या दुपारी ती तीन डाव खेळली, तिन्ही हरली. हसत हसत घरी आली. रांजणाला तडा गेला तेव्हापासून त्या राज्यात ज्याला जे सुचलं ते त्याने मोकळ्या तोंडाने सांगितलं, आणि सांगूनही ते त्याच्यापाशी राहिलं.