सिसलीताईचा वीतभर वाफा

फार जुन्या काळी, इंग्लंड नावाच्या दूरच्या हिरव्या देशात, बायका आपल्या झग्यांवरही फुलं भरत असत. तेव्हाची ही गोष्ट. तिथल्या एका मोठ्या बागेत पर्नेल नावाची आठ वर्षांची मुलगी गुडघे टेकून गवत उपटायची. तिच्या झग्याला सात ठिगळं होती, पायात एकच धड बूट होता, आणि तिच्या शेजारची जागा रिकामी होती.

त्या जागेवर सिसलीताई बसायची.

सिसलीताई ही पर्नेलची थोरली बहीण, सोळा वर्षांची. ती गाणी म्हणत खुरपायची. कंटाळलेल्या पर्नेलच्या नाकावर ती हळूच मातीचा ठिपका लावायची. हिवाळ्यात तिला ताप आला. पाच दिवस ताप होता. सहाव्या दिवशी ताई नव्हती. एवढंच. याच्यापेक्षा जास्त काही सांगता येत नाही.

त्या बागेत खुरपणीला सगळ्या बायाच होत्या. माळीबुवा मोठी कात्री घेऊन ऐटीत फिरायचे. गवत काढणं, रोपं लावणं, औषधाची पानं सुकवणं, हे सारं बायांकडे. म्हणून बागेच्या मालकीण बाईसाहेबांनी स्वयंपाकघराच्या भिंतीमागे प्रत्येकीला एकेक वीतभर वाफा दिला होता. त्यात जिला जे आवडेल ते तिनं लावायचं. पण उन्हाळ्यातल्या सगळ्यात मोठ्या दिवशी बाईसाहेब ते वाफे बघायला येत. त्या दिवशी जिच्या वाफ्यात फूल नसेल, तिचा वाफा दुसरीला मिळे.

शरद ऋतूत सिसलीताईनं आपल्या वाफ्यात चिमूटभर बी पेरलं होतं.

"कसलं गं ताई?" पर्नेलनं विचारलं होतं.

"सांगणार नाही. वसंतात तूच बघ आणि तूच ओळख."

वसंत आला. झाडांना पोपटी पालवी फुटली, प्रिमरोझची पिवळी फुलं हसली, पक्षी किलबिलले. पर्नेल मात्र मान खाली घालून खुरपत होती. तिचे हात भारी चपळ होते. मातीत गवताचं पातं दिसलं, की ते उपटलंच! असंच उपटत उपटत ती भिंतीमागे पोचली. तिथं बारीक, निळसर, गवतासारखी पाती उगवली होती. सरसर सरसर तिनं ती सगळी उपटून टाकली. मग तिनं मान वर केली.

तो ताईचा वाफा होता.

पर्नेलनं ती पाती पुन्हा मातीत खोचली, पाणी घातलं, फुंकर घातली. दुपारपर्यंत ती वाळून गेली. मग ती भिंतीला टेकून इतकी रडली, इतकी रडली, की तिचा एक आसू शेजारच्या प्रिमरोझच्या फुलात टपकन पडला.

"अगं बाई! भिजले ना मी!" फुलातून आवाज आला.

फुलातून एक इवलीशी परी बाहेर आली. अंगठ्याएवढी! तिचे पंख वाटाण्याच्या फुलासारखे नाजूक, गुलाबी होते, झगा दवाचा होता, आणि केसांत सोनेरी परागकण चमचम चमकत होते.

"पर्नेल बाळा, तू तीन गोष्टी माग," परी म्हणाली. "पण माझे नियम ऐकून घे. हात मातीत घालूनच मागायचं. स्वतःसाठी मागितलेलं सूर्य मावळला की मावळेल, दुसऱ्यासाठी मागितलेलं टिकेल. आणि—"

पर्नेलनं पुढचं ऐकलंच नाही. तिनं दोन्ही हात मातीत खुपसले. "मला माझी ताई पाहिजे!"

परीचे पंख मिटले. "तोच तिसरा नियम आहे गं. मातीत गेलेलं माणूस मागता येत नाही."

"हा काय नियम झाला? घाणेरडा नियम! आणि ताई आजारी होती तेव्हा तू कुठे होतीस?"

"जमिनीखाली झोपले होते. हिवाळ्यात बियांसारखीच मीही झोपते. मला हाक ऐकूच येत नाही." परीच्या डोळ्यांतही एक चमचमता थेंब आला. "रागाव माझ्यावर. खुशाल रागाव."

पर्नेल रागावली. रागाच्या भरातच म्हणाली, "मग हा वाफा तरी फुलांनी भरून टाक! आत्ता!"

झुळकन वाफा भरला. लाल, निळी, जांभळी, सोनेरी फुलं! पर्नेलनं वाकून वास घेतला. वास नव्हता. ही फुलं ताईची नव्हतीच. संध्याकाळी सूर्य मावळला आणि सगळी फुलं धुळीसारखी उडून गेली. एक इच्छा वाया गेली.

काही आठवड्यांनी खुरपणीच्या रांगेत मेबल आजी आली नाही. मेबल आजी सगळ्यांत म्हातारी आणि सगळ्यांत तिखट. "पर्नेल, तुझ्याइतकं गवत तर माझी शेळी उपटते, वर दूधही देते!" असं ती रोज म्हणायची. दुपारी बाया कुजबुजल्या. आजीच्या नातीला ताप आला होता. आज चौथा दिवस होता. त्या तापावर बाया एक कडू पान उकळून देत असत, पण यंदा थंडीनं ते पान सगळ्या बागांत जळून गेलं होतं.

चौथा दिवस! पर्नेल धावत भिंतीमागे गेली आणि तिनं हात मातीत घातले. "परी, परी, मेबल आजीच्या नातीसाठी ते कडू पान दे!"

पांढऱ्या, चिमुकल्या फुलांचं एक झुडूप मातीतून वर आलं. ते मुळासकट उचलून, पाय आपटत, एकाच बुटानं पर्नेल आजीच्या घरी पळाली.

मेबल आजीनं लगेच पान उकळलं आणि पोरीच्या ओठांना लावलं. सहाव्या दिवशी सकाळी पोर उठून बसली आणि म्हणाली, "आजी, भूक लागली." आजी तोंडाला झग्याची बाही लावून रडली. पर्नेल दारात उभी होती, तीही रडली. दोघी कशासाठी रडत होत्या, ते दोघींना ठाऊक होतं.

"तुझ्या ताईच्या वाफ्यात काय उगवलंय गं?" आजीनं डोळे पुसत विचारलं.

"काही नाही. ताईनं पेरलेलं मी... मी गवत समजून उपटलं, आजी. बारीक निळसर पाती होती. आता ताईचा वाफा जाणार."

या वेळी आजीनं शेळीचं नाव काढलं नाही. ती नुसती विचारात पडली.

सगळ्यात मोठा दिवस उजाडला. आकाश निळंशार होतं, मधमाश्या गुणगुणत होत्या. साऱ्या वाफ्यांत फुलं डोलत होती. एकच वाफा उघडा होता. पर्नेल त्याच्याजवळ बसली होती. तेवढ्यात मेबल आजी लंगडत आली. तिच्या ओल्या फडक्यात एक फांदी होती. फांदीवर निळसर, गवतासारखी पाती होती आणि एक गुलाबी, झालरीचं फूल. त्याला लवंगेचा गोड वास येत होता.

"वेडे, हेच उपटलंस तू!" आजी म्हणाली. "शरद ऋतूत तुझी बहीण माझ्या दारात आली आणि चिमूटभर बी देऊन गेली. म्हणाली, 'आजी, तुझ्या शेळीला खाऊ देऊ नकोस हं!'"

"आजीलाच नाही, मलाही दिलं होतं," मागून आवाज आला. "आणि मलाही!" खुरपणीच्या बाया एकेक करून येत होत्या. प्रत्येकीच्या हातात आपापल्या दारातली एक फांदी होती. सिसलीताईनं सगळ्यांना बी वाटलं होतं. उरलेली शेवटची चिमूट तेवढी आपल्या वाफ्यात पेरली होती.

त्यांनी फांद्या वाफ्यात लावल्या. पण ऊन कडक होतं. फुलांनी माना टाकल्या. आणि तिकडे बाईसाहेबांच्या झग्याची सळसळ ऐकू येऊ लागली.

"माग, बाळा," परी पर्नेलच्या कानाशी कुजबुजली. "एक इच्छा उरली आहे."

पर्नेलनं हात मातीत घातले. 'माझी फुलं फुलू दे' हे शब्द अगदी ओठांवर आले होते. तिनं वर बघितलं. सगळ्या बाया घामेजल्या होत्या. सगळ्यांच्या नखांत माती होती. अगदी ताईच्या असायची तशी.

"परी," ती म्हणाली, "जी कुणी आपल्या दारातली फांदी दुसरीला देईल, तिच्या फांदीला मुळं फुटू देत. सगळ्यांच्या. नेहमी."

परी खळखळून हसली. तिचे पंख उजळले, दवाचा झगा उजळला, आणि ती नुसता लख्ख, गुलाबी प्रकाश झाली. तो प्रकाश वाफ्यावर सांडला, बायांच्या मातकट हातांवर सांडला आणि मातीत जिरून गेला. परी दिसेनाशी झाली. आणि टप्, टप्, टप्! एकेका फुलानं मान वर केली.

बाईसाहेब थांबल्या. वाकल्या. त्यांनी डोळे मिटून वास घेतला.

"हा वाफा कुणाचा?"

"सिसलीताईचा," पर्नेल म्हणाली. "मी सांभाळते."

"मग तूच सांभाळ. दर वर्षी," बाईसाहेब म्हणाल्या. "आणि मला एक फांदी देशील?"

पर्नेलनं सगळ्यात मोठी फांदी काढून दिली. त्या संध्याकाळी सूर्य मावळला, पण फुलं मावळली नाहीत.

मेबल आजीनं वाकून मातीचा एक ठिपका हळूच पर्नेलच्या नाकावर लावला. किती महिन्यांनी पर्नेल हसली! आणि शेजारच्या रिकाम्या जागेकडे सरकून, गाणं म्हणत, पुन्हा खुरपू लागली. आता मात्र प्रत्येक पातं उपटण्याआधी ती त्याला विचारायची, "तू कोण रे?"