मुसळाचा खडक

ते गाणं जरा हळू करा, म्हणजे सांगतो. समोर पाणी फुटतंय ना, तो मुसळाचा खडक. ओहोटीला त्यावर उखळाएवढा खळगा दिसतो. हात घालायला जाऊ नका, शेवाळ आहे. पाहुण्यांची हौस होते आणि धावपळ आम्हाला.

खाडीच्या तोंडाशी दोन्ही बाजूंना खडपं, म्हणजे पाण्याखालचे कातळ, पसरलीयत. होडीला आत यायला वाट एकच, ह्या खडकाला लागून. शिडांच्या होड्यांचा काळ होता, असं सांगतात. सगळ्या होड्या मासेमारीला बाहेर आणि भरदिवसा धुकं उतरलं. स्वतःचा हात दिसेना. गाव कुठे ते कळावं म्हणून बायकांनी दारोदारी उखळात मुसळं वाजवायला घेतली. हेतू चांगला होता हो, पण आवाज चहूकडून. पहिली होडी त्या आवाजामागे गेली ती थेट खडपावर. फळ्या फुटलेल्या सगळ्यांनी ऐकल्या. माणसं पोहून आली, नशीब त्यांचं.

आवडाबाय म्हणून एक गाबतीण होती, मासेमारांच्याच घरातली. तिचा नवरा पुरसो अजून बाहेरच होता. ती ओरडली म्हणे, "बंद करा गो सगळ्यांनी. खंयचो आवाज खरो, ता त्यांका कसा कळतला?"

गाव गप्प झाला. मग आपलं मुसळ घेऊन ती एकटी त्या खडकावर गेली आणि दगडावरच घाव घालू लागली. तो एकच आवाज धरून एकेक होडी आत आली. पुरसोची तेवढी येईना. भरती चढत होती. पाणी आता तिच्या कमरेला लागलं असणार, म्हणून सासू किनाऱ्यावरून रडायला लागली, "परत ये गो बाय."

"माजो माणूस अजून येवक नाय," एवढंच ती बोलली.

शेवटी पाणी तिच्या डोक्यावरून गेलं. आवाज थांबला. बायकांनी तोंडाला पदर लावले. बराच वेळ गेला आणि पुरसोची होडी सरळ वाटेनं आत आली. उतरताच तो म्हणाला, "आवडाक बोलवा आता. कितको वेळ वाजवतली?"

त्याला अजून ऐकू येत होतं म्हणे. किनाऱ्यावर कुणालाच नाही.

आजही धुकं पडलं की आमच्या गावात कुणी मुसळ उचलत नाही. मिक्सर बंद, देवळातली घंटा बंद. एका लग्नातला बँडसुद्धा थांबवलाय आम्ही. होड्यांवर आता यंत्रं आहेत, ती वाट दाखवतात, मान्य. तरी बंद.

धुक्यात खडक दिसेनासा झाला बघा. आता ते गाणं बंदच करा. माझा मुलगा बाहेर आहे.